पियानो आणि ऑर्गनची पुस्तकं, नोटेशन वगैरे: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी गिरगावात पियानो शिकवते. शिकले खोताच्या वाडीतल्या एका आंटीकडे आणि घरात आजोबांची पायपेटी होती, त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडचे लोक येतात, ग्रेडच्या परीक्षेवाले पण आणि 'ताई, नाट्यपदं बसवायचीत' वाले पण. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी पुस्तकाच्या कव्हरचा फोटो येतो आणि खाली 'हे घेऊ का?' म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. क्रम वगैरे लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

आमच्याकडे ऑर्गन आहे, त्याचं पुस्तक कुठलं घ्यायचं?

आधी सांगा कुठला ऑर्गन. मुंबईत या एका शब्दात चार वेगवेगळ्या वस्तू बसवल्यात आपण. एक चर्चमधला पाइपवाला, फोर्टच्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये किंवा कुलाब्याच्या होली नेममध्ये आहे तसा. दुसरा संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा, म्हणजे पायपेटी. तिसरा दोन मजली कीबोर्डचा इलेक्ट्रॉनिक. आणि चौथा म्हणजे बारशाला किंवा वाढदिवसाला मामाने दिलेला कॅसिओ, ज्याला आजी ऑर्गन म्हणते.

पाइप ऑर्गनच्या पुस्तकात एकाखाली एक तीन स्टाफ (सूर लिहायच्या पाच रेघांच्या ओळी) असतात, वरचे दोन हातांचे आणि तिसरा पायांचा, कारण तिथे पायाखाली ३० नाहीतर ३२ पट्ट्यांचा अख्खा वेगळा कीबोर्ड असतो आणि त्यावर पायांनी सूर वाजवायचे असतात. पायपेटीत पाय फक्त हवा भरतात, सूर नाही वाजवत. एकदा एक बाबा मुलाच्या कॅसिओसाठी बाखच्या ऑर्गनच्या रचनांचं पुस्तक घेऊन आले, चांगलं महागाचं, आडव्या आकाराचं (ऑर्गनची बरीच पुस्तकं आडवी असतात) आणि ते त्या कॅसिओच्या प्लास्टिकच्या स्टँडवर राहीचना, दोन्ही बाजूंनी लोंबायला लागलं. मुलगा म्हणाला, ताई ही तिसरी ओळ कुणी वाजवायची, बाबांनी?

तर कॅसिओ असेल तर पियानोचं पुस्तक घ्या. पायपेटीसाठी खाली वेगळं लिहिलंय.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पियानोची पुस्तकं चालतात का?

पहिली दोनतीन वर्षं आरामात. पियानोच्या पट्ट्या ८८, पण सुरुवातीच्या पुस्तकातलं सगळं मधल्या चार सप्तकांत उरकतं. पुढे मात्र अडतं, आणि ते जरा गमतीशीर अडतं. बीथोवनच्या सुरुवातीच्या बहुतेक सोनाटा पाच सप्तकांच्या, म्हणजे ६१ पट्ट्यांच्याच पियानोसाठी लिहिलेल्या आहेत, मग लोकांना वाटतं आपल्याकडे पण ६१ आहेत की. पण त्याच्या ६१ एफपासून एफपर्यंत होत्या आणि आपल्या सी ते सी आहेत, त्यामुळे खर्जातल्या शेवटच्या सात पट्ट्या आपल्याकडे नाहीतच, डावा हात खाली जातो आणि तिथे लाकडी टेबल लागतं. ट्रान्सपोजचं बटण दाबून हे सुटत नाही, विचारू नका.

अगदी पहिलं पुस्तक कुठलं?

मुलांसाठी कुठलंही एक मेथड बुक, म्हणजे पहिल्यापासून पायरी पायरीने शिकवणारं पुस्तक. मुंबईतल्या तीन पिढ्या जॉन थॉम्पसनच्या लाल कव्हरवर शिकल्यात, मी पण, दोन्ही अंगठे मधल्या सी वर ठेवून सुरुवात करायची ती. आता नवी, रंगीत चित्रांची बरीच आलीत. काहीही घ्या पण एकच घ्या आणि संपवा. पालक तीन घेतात आणि तिन्हीची पहिली दहा पानं होतात.

मोठ्या माणसांनी मुलांचं पुस्तक घेऊ नका, तुम्हाला त्या ससा-बेडकांच्या गाण्यांचा दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येणार. ॲडल्ट बिगिनर्ससाठी वेगळी निघतात, त्यात कॉर्ड्स लवकर येतात.

मेथड बुकानंतर काय हे जास्त महत्त्वाचं, कारण मधल्या टप्प्यावर गळणारी मुलं मी खूप बघितलीत. मी देते ते असं: बाखच्या बायकोच्या वहीतल्या, म्हणजे आना माग्दालेनाच्या १७२५ च्या वहीतल्या छोट्या रचना (त्यातला सगळ्यांना येणारा जी मेजरचा मिनुएट बाखचा नाहीच, ख्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे, तरी अजून निम्म्या पुस्तकांवर बाखच छापतात), मग बुर्गम्युलरचे ओपस १०० चे २५ एट्यूड (सरावाचे तुकडे; ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक), जे एट्यूड असूनही गाण्यासारखे वाटतात, आणि शुमानचं ओपस ६८, १८४८ मध्ये लिहिलेलं मुलांसाठीचं. ज्यांना थोडं विचित्र आवडतं त्यांना बार्टोकचं मिक्रोकोसमोस. सहा भाग, १५३ तुकडे, पहिला भाग एकदम सोपा आणि सहावा वाजवायला मलाही घाम फुटतो.

हॅनन करायचंच का? सगळे म्हणतात बोटं सुटतात.

सगळे म्हणतात खरं. १८७३ चं पुस्तक आहे, ६० व्यायाम, सगळ्या जगाने केलेत. पण टीव्ही बघत बघत हॅनन वाजवणाऱ्या मुलाची बोटं सुटत नाहीत, फक्त शेजारी वैतागतात. रोज पाच मिनिटं, हळू, कान देऊन. त्यापेक्षा चेर्नीचं ओपस ५९९ मला बरं वाटतं, निदान त्याला थोडा सूर आहे.

परीक्षेचं पुस्तक घेतलं, आता वर्षभर तेवढंच पुरेल ना?

नाही हो. इथेच माझी सगळ्यात जास्त भांडणं होतात.

एबीआरएसएम असो की ट्रिनिटी (ग्रेडच्या परीक्षा घेणाऱ्या दोन ब्रिटिश संस्था), ग्रेडच्या पुस्तकातले तीन तुकडे वर्षभर घोळवायचे, परीक्षा द्यायची, पुढच्या ग्रेडचं पुस्तक आणायचं, पुन्हा तीन. म्हणजे आठ ग्रेड झाल्या तरी त्या मुलाला एकूण चोवीस गोष्टी येतात आणि त्यातल्या एकवीस विसरलेला असतो. घरी पाहुणे आले आणि म्हणाले काहीतरी वाजवून दाखव, तर याचं उत्तर, सध्या माझा फक्त स्केलचा अभ्यास चालू आहे. परीक्षेच्या पुस्तकाबरोबर दुसरं एक सोपं पुस्तक पाहिजेच, दोन ग्रेड खालचं चालेल, दर आठवड्याला एक नवीन पान वाचायचं. साइट रीडिंगचे, म्हणजे न बघितलेलं पान तिथल्या तिथे वाचून वाजवण्याचे, मार्क त्यानेच येतात, त्यासाठी वेगळं साइट रीडिंगचं पुस्तक घेऊन पाठ करणारे पण महाभाग आहेत.

पुस्तक घेताना कव्हरवरचं साल बघा. सिलॅबस बदलतो आणि दुकानात, विशेषतः ऑनलाइन, जुन्याचा माल स्वस्तात काढतात. आणि एक गोष्ट पालकांना कुणी वेळेवर सांगत नाही: एबीआरएसएमला सहावी ग्रेड द्यायच्या आधी पाचवीची थिअरी पास असावी लागते (थिअरीला पर्याय आहेत पण सगळे थिअरीच करतात), ट्रिनिटीला ही अट नाही. त्यामुळे चौथीलाच थिअरीचं पुस्तक आणा, पाचवी झाल्यावर धावपळ नको. मार्कांचं पण वेगळं, एबीआरएसएमचे १५० पैकी आणि पास १०० ला, ट्रिनिटीचे १०० पैकी आणि पास ६० ला. हे माहीत नसलं की सोसायटीच्या जिन्यात दोन आया एकमेकींच्या मुलांचे मार्क लावून बघतात आणि एक उगाच रडते.

उरटेक्स्ट म्हणजे काय आणि ते एवढं महाग का?

ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता पाठ बिघडत गेले आणि मग एकनाथांनी बसून शुद्ध प्रत केली, हे आपण शाळेत शिकलोय. उरटेक्स्ट म्हणजे तेच काम. बाखने हस्तलिखितात हळू-मोठा, जोडून-तोडून असलं फार कमी लिहिलंय. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी आपापल्या आवडीने त्यात सूर जोडायच्या कमानी घातल्या, आवाज वाढवत न्यायचे क्रेशेंडो घातले, कुठे सूर पण बदलले, आणि ते सगळं त्याच शाईत छापलं, त्यामुळे बाखचं कुठलं आणि संपादक महाराजांचं कुठलं हे कळायला मार्गच नाही. उरटेक्स्टवाले हस्तलिखितं आणि पहिल्या छापील प्रती समोर ठेवून हे सगळं परत निवडतात, शंका असेल तिथे मागे टीप देतात. पैसे त्या कामाचे.

हेन्लेची निळसर-राखाडी पुस्तकं (१९४८ पासून), बेरेनरायटर, लाल कव्हरची विनर उरटेक्स्ट, ही नावं लक्षात ठेवा. पिवळी शर्मरची स्वस्त असतात आणि वाईट नाहीत, पण त्यातल्या बऱ्याच जुन्या संपादनाच्या आहेत एवढं माहीत असू दे.

माझं मत, तिसऱ्या-चौथ्या ग्रेडपर्यंत उरटेक्स्टवर पैसे घालू नका. बाखच्या इन्व्हेन्शन्स सुरू झाल्या की घ्या, १५ दोन आवाजी आणि १५ तीन आवाजी एकाच पुस्तकात, ते पुस्तक आयुष्यभर टिकतं, पानं सपाट उघडतात आणि शिलाई सुटत नाही. माझं २००३ चं आहे, कव्हरवर चहाचा गोल डाग आहे तेवढाच.

आणि 'सोपं करून' छापलेल्या प्रतींपासून जपून. फ्यूर एलिसे घ्या. लहान मुलांच्या पुस्तकात पहिला भाग तेवढा असतो, मधले दोन भाग गायब, आणि मूल चार वर्षं समजतं की मला फ्यूर एलिसे येतं. मूनलाइटचा पहिला भाग सी शार्प मायनरमधून ए मायनरमध्ये आणलेला मिळतो, शार्प कमी म्हणून. वाजवायला सोपं, ऐकायला दाल बिनफोडणीची. त्याच भागाच्या सुरुवातीला बीथोवनने 'सेन्झा सोर्डिनो' लिहिलंय त्यावरून पण गोंधळ होतो, तिथे सोर्डिनो म्हणजे तारांवरचे, आवाज थांबवणारे डँपर, ते उचलून म्हणजे पेडल धरून वाजवायचं असा अर्थ. आवाज बारीक करायच्या पेडलशी त्याचा संबंध नाही.

नेटवरून फुकट पीडीएफ घेतली तर गुन्हा आहे का?

रचना जुनी असेल तर नाही. आपल्याकडे संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे बाख, मोझार्ट, शोपां सोडाच, डेब्युसी (१९१८), राखमानिनॉव्ह (१९४३), बार्टोक (१९४५), प्रोकोफिएव्ह (१९५३) हे सगळे भारतात मोकळे आहेत. स्ट्राविन्स्की १९७१ ला गेला, तो २०३१ संपेपर्यंत नाही. शोस्ताकोविच २०३५ संपेपर्यंत नाही.

पण रचना मोकळी म्हणजे पुस्तक मोकळं असं नाही. कालपरवा कुणी नव्याने संपादन करून छापलेली बाखची प्रत स्कॅन करून टेलिग्रामवर फिरवायची हे चूकच.

सगळ्यात मोठा साठा आयएमएसएलपीवर, २००६ पासून आहे. त्याला पेत्रुची लायब्ररी पण म्हणतात, १५०१ मध्ये व्हेनिसला अनेक आवाजांच्या संगीताचं पहिलं पुस्तक छापणाऱ्या पेत्रुचीच्या नावाने. तिथे एकेका रचनेच्या दहा दहा प्रती असतात आणि लोक सगळ्यात वरची उचलतात. उचलू नका, प्रकाशक आणि साल बघा, स्कॅन तिरका आहे का बघा, शेवटचं पान आहे का ते आधी बघा.

मग झेरॉक्सच काढते ना, पुस्तक कशाला?

परीक्षेला बेकायदा झेरॉक्स चालत नाही, हा एक मुद्दा. दुसरा माझा अनुभव. हेन्लेचं पान साधारण साडेतेवीस बाय एकतीस सेंटीमीटर, एफोर त्याहून लहान, एकवीस बाय एकोणतीस पॉइंट सात. एकदा पान उलटायची सोय म्हणून एकाच पानाची झेरॉक्स हवी होती, ती मी घाईत एका दुकानातून काढून आणली, त्या माणसाने लहान न करता तशीच मारली आणि खालच्या शेवटच्या ओळीतला डावा हात कापला गेला. मी बघितलं नाही, पोरगीने पण नाही, ती पाठच होती ना तिला. परीक्षेच्या खोलीत टेन्शनमध्ये तिने कागदाकडे बघितलं आणि तिथे डावा हात नाही. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता सरळ पाणी प्यायला गेली. पास झाली, पण तेव्हापासून मी झेरॉक्सचे चारी कोपरे मूळ पानाशी जुळवल्याशिवाय दुकान सोडत नाही.

स्वतःच्या पीडीएफची प्रिंट काढत असाल तर जरा जाड कागद, १०० जीएसएम तरी, पंख्याने उडत नाही आणि मागची शाई पुढे दिसत नाही. स्पायरल करा, स्टेपल नको.

मुंबईत मिळतं कुठे?

धोबी तलाव. जेर महालमधलं फुर्टाडोस, १८६५ पासूनचं दुकान. आमच्या आंटी सांगायच्या की हा सगळा पट्टा गोव्याच्या वाजवणाऱ्यांचा, जवळच त्यांचे कूड, म्हणजे गावागावाच्या खोल्या, आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन घेऊन निघालेली माणसं इथल्याच इराण्याकडे चहा प्यायची. दुकानात जाऊन पुस्तक उघडून बघता येतं याला मी फार किंमत देते, छपाई किती बारीक आहे, पान वाजवता वाजवता उलटता येईल अशा जागी संपतंय का, हे ऑनलाइन कळत नाही.

जुन्यासाठी फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ आणि किंग्ज सर्कलचे स्टॉल. तिथे म्युझिकचं पुस्तक शोधायला जाऊ नका, ते मिळत नाही, कादंबरी शोधायला गेलात की मिळतं. मला एकदा फाउंटनला क्लेमेंटीच्या सोनाटिना मिळाल्या, पहिल्या पानावर शाईने 'बांद्रा, १९३८' आणि आत एका पॅसेजवर निळ्या पेन्सिलीने तीनदा 'काउंट!', तिसऱ्यांदा एवढं दाबून की कागद फाटलाय. मी माझ्या मुलांना तोच पॅसेज त्याच पानावरून शिकवते. घेताना मधली पानं मोजा, वास घ्या, आणि कसर लागलेलं पुस्तक कितीही स्वस्त असलं तरी घरी आणू नका, बाकीच्या कपाटात पसरते.

ताई, पायपेटीवर नाट्यपदं वाजवायचीत, नोटेशन मिळेल का?

मिळेल, पण ते पियानोच्या पुस्तकासारखं वाचायला जाल तर फसाल.

आपल्याकडची बहुतेक स्वरलिपी भातखंड्यांच्या पद्धतीची. भातखंडे आपल्या वाळकेश्वरचे, १८६० चा जन्म, वकील, आणि त्यांनी सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या, मूळ मराठीत. खुणा सोप्या आहेत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. एका दुपारी येतं.

पियानोवाल्यांना पहिली अडचण सा ची. पुस्तकात सा लिहिलाय तो सी नव्हे, गाणारा धरेल तो सा. आणि साथ करताना गायिका म्हणणार 'काळी चार', तेव्हा ती म्हणजे कुठली पट्टी हे मोजत बसायला वेळ नसतो. हा हिशेब एकदा पुठ्ठ्यावर लिहून पेटीला चिकटवा: पांढरी एक सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

दुसरी अडचण मोठी. पुस्तकात पदाचा सांगाडा असतो. स्वयंवर (१९१६) किंवा मानापमान (१९११) मधलं कुठलंही पद स्वरलिपीवरून वाजवा आणि मग बालगंधर्वांची रेकॉर्ड लावा, पुस्तकात जिथे एक सरळ गंधार आहे तिथे त्यांचं काय काय चाललेलं असतं. ते लिहिताच येत नाही असं नाही, पण लिहिलं तर वाचता येणार नाही. आजोबांच्या वहीत म्हणून पदाच्या बाजूला स्वर कमी आणि सूचना जास्त, 'इथे थांब, टाळी येते', 'दुसऱ्यांदा भाता हलका', 'ती वर जाईल, तू जाऊ नको'. ही वही मी छापील पुस्तकांच्या वरती ठेवते. तर पुस्तक घ्या, पण रेकॉर्ड आधी पन्नास वेळा ऐका आणि आपल्या खुणा पेन्सिलने त्यातच घाला.

हिंदी गाण्यांच्या नोट्स नेटवर मिळतात त्या चालतील?

सा रे ग किंवा सी डी ई अशी नुसती अक्षरं असतील तर त्यात लय नसते. गाणं आधीच पाठ असेल तर उपयोग, नाहीतर टेलिफोन नंबर वाचल्यासारखं होतं.

चर्चमध्ये हिम्स (प्रार्थनेची गाणी) वाजवायला सांगितलंय, पियानो येतो, काय करू?

हिम बुकात चार आवाज दोन स्टाफवर असतात. पाइप ऑर्गनवर सगळ्यात खालचा आवाज पायाला द्यायचा, उरलेले तीन हातांना. पायांची सवय नसेल तर पहिले काही रविवार चारही आवाज दोन हातांनीच वाजवा. ऑर्गनला सस्टेन पेडल नाही, बोट उचललं की आवाज संपला, त्यामुळे बोटं सरकवून, बदलून सूर जोडायला लागतात. मराठी उपासनेत ना. वा. टिळकांची भजनं पण येतात, त्यांच्या चाली आपल्या पद्धतीच्या, तिथे चार आवाजांचं गणित विसरा आणि पेटीसारखी साथ करा.

टॅबलेटवर वाजवलेलं चालतं का?

चालतं. मोठा स्क्रीन घ्या, तेरा इंचाच्या आसपासचा, छोट्यावर डोळे फुटतात. पायाने पान उलटायचं ब्लूटूथ पेडल मिळतं, ऑर्गनवाल्यांना त्याचा उपयोग नाही, पाय आधीच कामात असतात. आणि चार्जिंग. बस, एवढंच.

पावसाळ्यात पुस्तकं कशी सांभाळायची?

प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आतल्या आत बुरशी येते. कपाटात उभी, थोडी सैल, भिंतीला चिकटवून नाही. ऊन पडेल त्या दिवशी दार उघडं. सिलिका जेलच्या पुड्या बुटांच्या खोक्यातून जमवा. पियानोवर गठ्ठा रचू नका, मंद्रातला एखादा सूर लागला की वरचं पुस्तक थरथरतं आणि तुम्ही ट्यूनरला बोलावता. झालंय तसं, ट्यूनरने येऊन फक्त गठ्ठा उचलला आणि व्हिजिटचे पैसे घेतले.

तुमचं पुस्तक चार दिवस उसनं द्याल का?

नाही. शुमान एकदा दिला होता, परत आला तेव्हा त्यात बॉलपेनने फिंगरिंग लिहिलेलं होतं, ते पण चुकीचं.